उंदीर, वाळवी आणि दिव्याची वात

गेल्या वर्षी एके दिवशी नववीचे इतिहासाचे शिक्षक रजेवर होते, म्हणून त्यांचा तास मी घेतला. मुलांना म्हटले, आज पुस्तक नको, इतिहासातले काय हवे ते विचारा. अफझलखान झाला, आग्र्याची सुटका झाली, पानिपत झाले. मग मागच्या बाकावरची, एरवी गप्प असणारी एक मुलगी उठली. "सर, लढाई काही रोज होत नसणार. लढाई नसायची त्या दिवशी माणसं काय करायची?"

वर्ग हसला. मला मात्र चटकन उत्तर सुचले नाही. मराठ्यांचा इतिहास हा एम.ए.ला माझा खास विषय. लढायांची कारणे आणि परिणाम क्रमवार सांगायचे असते तर मी झोपेतही सांगितले असते. पण वर्षाच्या तीनशे पासष्ट दिवसांपैकी लढाईचे असे किती? उरलेल्या दिवसांत राज्य कशावर उभे होते? घरी जाऊन जुनी पुस्तके काढली. जे वाचले ते पूर्वी वाचलेलेच होते, पण या प्रश्नाच्या अंगाने कधी वाचले नव्हते. ते वाचकांपुढे ठेवावे, आणि त्याच्या जोडीने माझ्या घरातली एक चूकही कबूल करावी, म्हणून हा लेख.

शिवाजी महाराजांचे एक पत्र प्रसिद्ध आहे. राज्याभिषेकाच्या, म्हणजे १६७४ च्या सुमाराचे, पावसाळ्याच्या तोंडावर लिहिलेले. चिपळूण भागात घोडदळाची छावणी पडली होती. तिथल्या जुमलेदारांना, हवालदारांना आणि कारकुनांना ते पाठवलेले आहे. लष्कराला लिहिलेले पत्र म्हटल्यावर आपण त्यात मोहिमेची आज्ञा शोधतो. त्यात मोहीम नाही. गवत आहे, दाणा आहे, चूल आहे आणि उंदीर आहे.

महाराज सांगतात की पावसाळाभर पुरेल अशा बेताने दाणा आणि गवत वापरा. आज हाती आहे म्हणून उधळले तर ऐन पावसात काही मिळणार नाही आणि घोडी उपाशी मरतील. तुम्हाला उणे पडले म्हणजे कोणी कुणब्याच्या घरचे दाणे आणील, कोणी भाकरी, कोणी लाकूडफाटा, कोणी भाजी. असे झाले तर त्या गरिबांना मोगल बरा वाटेल आणि सगळी बदनामी तुमच्या माथी येईल.

मग आगीची गोष्ट येते. छावणी गवताची. कोणी जवळच स्वयंपाक करील, कोणी आगटी पेटवील, कोणी तंबाखू ओढील. वारा सुटला की एक ठिणगी पुरे. रात्री दिवा तसाच ठेवून झोपलात तर उंदीर पेटती वात ओढून नेईल. एक खोप पेटले की सगळी छावणी जाईल. आणि त्यानंतर कुणाची मान मारली तरी जळलेली काडी काही परत येणार नाही. म्हणून चुलींवर नजर ठेवा, दिवे विझवून निजा.

ज्याच्याविरुद्ध आदिलशाही आणि मोगल दोघेही फौजा धाडत होते, तो राजा उंदराने नेलेल्या वातीचा विचार करतो आहे. वरवर पाहिले तर ही घरातल्या आज्जीने सुनेला रोज रात्री सांगावी अशी गोष्ट: दिवा मालवलास का, चुलीतला निखारा झाकलास का, कणगीचे तोंड बंद केलेस का? फरक एवढाच की आज्जीच्या चुकीने एक घर जळते, जुमलेदाराच्या चुकीने एक पागा जळते. सवय तीच.

दुसरा ग्रंथ आज्ञापत्र. रामचंद्रपंत अमात्य बावडेकर यांच्या नावाने तो ओळखला जातो आणि त्याचा काळ १७१५ चा धरतात. बावडा आपल्यापासून काही लांब नाही. गगनबावड्याच्या घाटाने कोकणात उतरणारे आपल्यातले पुष्कळ आहेत. १६८९ नंतर राजाराम महाराज जिंजीला अडकले असताना इकडचा मुलूख सांभाळण्याचा भार ज्यांच्यावर होता, त्यांपैकी हे अमात्य प्रमुख. किल्ला म्हणजे काय आणि तो कशाने पडतो, हे त्यांनी पुस्तकात वाचलेले नव्हते. म्हणून त्यांच्या ग्रंथातले किल्ल्यांचे प्रकरण वाचताना मला एखाद्या दक्ष घरधन्याचे बोल ऐकतो आहोत असे वाटते.

किल्ला बांधण्याआधी पाणी पाहा, असे ते सांगतात. एक झरा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. लढाईत तोफांच्या दणक्याने झरे आटतात आणि नेमके तेव्हाच पाणी जास्त लागते. म्हणून दोन-चार टाकी जास्तीची खोदून ठेवा. धान्याची आणि इतर वस्तूंची कोठारे अशी बांधा की आग, उंदीर, किडा, मुंगी, वाळवी यांचा उपद्रव पोचू नये. त्यासाठी खालची जमीन दगडाने आणि गच्चीने पक्की करा. दारूखाना राहत्या घरांपासून दूर ठेवा. तो एकदा भरून कुलूप लावले की काम संपले, असेही नाही. आठा-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू आणि बाण बाहेर काढावेत, त्यांना ऊन द्यावे आणि पुन्हा मोहोर करून ठेवावे.

केराबद्दलही त्यात आहे. गडाच्या वाटांवर, बाजारात, तटाजवळ केरकसपट पडू देऊ नये. झाडलेला केर गडाखाली लोटून द्यायचा नाही. तो जागच्या जागी जाळायचा, राख परसात टाकायची आणि तिच्यावर घरोघर भाजीपाला करायचा. आपल्या शहरांतले नगरसेवक ओला कचरा आणि सुका कचरा यावर भाषणे करतात, तेव्हा मला हा परिच्छेद त्यांच्या हाती द्यावासा वाटतो. केराचाही एक शेवट ठरलेला असला की त्याचा ढीग होत नाही, इतकी साधी ती गोष्ट आहे.

या दोन्ही कागदांत काही समान धागे दिसतात. पहिला, आज हाती आहे त्यातच उद्याची सोय पाहणे. दुसरा, वस्तू ठरलेल्या जागी ठेवणे. तिसरा आणि सर्वांत कठीण, ठेवलेली वस्तू ठराविक दिवसांनी उघडून पाहणे. पहिल्या दोन गोष्टी आपण पुष्कळ जण करतो. तिसरी राहते. दारू कोठारात आहे म्हणजे ती पेटेलच, असे नव्हे. तिला ऊन दिलेले असेल तरच वेळेला ती पेटते.

धान्यावर आणि दारूवर होती तशीच नजर मराठी राज्यात कागदावरही होती. 'रोजकीर्द' हा शब्द आज जुन्या पेढीवरच्या दिवाणजीला तेवढा ठाऊक असेल. रोजच्या रोज जे घडले, जे आले, जे गेले, ते त्याच दिवशी तारखेखाली लिहायचे, ती कीर्द. मग तीच रक्कम ज्या त्या खात्यावर चढवायची, ती खतावणी. वर्ष संपले की त्यावरून ताळेबंद. कारकून बोरू घेऊन आधी कागदावर आडवी रेघ ओढी आणि तिच्याखाली मोडी अक्षरे, हात शक्य तितका न उचलता, भराभर लिहीत जाई. ओल्या शाईवर वाळू टाकी. कागदांचे गठ्ठे कापडात बांधले जात. त्या बांधणीला रुमाल म्हणत, आणि पुण्याच्या पेशवे दप्तरातले हजारो रुमाल आजही तसे मोजले जातात. १९३० ते १९३४ या काळात गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्यातले निवडक कागद पंचेचाळीस खंडांत छापून काढले. आपण पेशव्यांचा इतिहास म्हणून जो वाचतो, त्यातला मोठा भाग म्हणजे कुणा अनामिक कारकुनांनी आजचे काम उद्यावर न टाकल्याचे फळ आहे.

ही सवय एका भाषेची मिरास नव्हती, हे आपल्या दुभाषी भागातल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. आपल्याकडचा कन्नड दुकानदारही रोजच्या जमाखर्चाच्या वहीला किर्दी म्हणतो. हवालदार आणि कारकून हे शब्द दोन्ही भाषांत नांदतात. उत्तर कर्नाटकातल्या देसाई-कुलकर्ण्यांचे जुने कागद मोडीत असतात, मग घरची भाषा कोणतीही असो. उलट कानडी मुलखाची स्वतःची एक हुशारी होती. कापडाला चिंचोक्याची खळ आणि कोळशाची पूड लावून काळा फळा करायचा, त्याच्या घड्या घालून पुस्तकासारखा ठेवायचा आणि पांढऱ्या बळपाने त्यावर हिशेब लिहायचा. याला 'कडत' म्हणतात. शृंगेरीच्या मठाच्या दप्तरात अशी कडते जपलेली आहेत. कागद महाग होता तेव्हाही रोजचे रोज लिहिण्याची अडचण माणसांनी होऊ दिली नाही.

सवय मोडली की काय होते, हेही याच दप्तराने दाखवले आहे. १८१८ मध्ये पेशवाई गेली आणि दप्तर कंपनी सरकारच्या हाती आले. ते तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनी नोंदवून ठेवले आहे की दुसऱ्या बाजीरावाच्या काळात दप्तराची फार आबाळ झाली होती, ते सांभाळणारी माणसे जवळजवळ उरली नव्हती आणि लोक कागद घेऊन जात तरी कोणी विचारीत नसे. नाना फडणीस वारले १८०० मध्ये. त्यानंतर अठरा वर्षांत राज्य बुडाले. कीर्द लिहिली नाही म्हणून राज्य बुडाले, असे मी म्हणणार नाही. इतिहासाचा शिक्षक इतक्या सरळ रेघा ओढीत नाही. पण जिथे आजचा हिशेब आज लिहिला जात नाही, तिथे उद्या काय बिघडणार आहे हे कुणालाच कळत नाही, एवढे खरे.

आता एका शिक्षकाची गोष्ट सांगतो. वासुदेवशास्त्री खरे (१८५८–१९२४) हे मूळचे गुहागरचे. मिरजेच्या हायस्कुलात ते संस्कृत शिकवीत. मिरजेला पटवर्धन सरदारांची दप्तरे होती. शास्त्रीबुवांनी शाळेची नोकरी सांभाळून ती वाचायला घेतली. त्यांतून १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' निघू लागला आणि खंडामागून खंड येत राहिले. मोडी पत्र वाचायचे, बाळबोधीत उतरवायचे, तारीख जुळवायची, मागचापुढचा संबंध लावायचा. हे काम उत्साहाच्या एका झटक्यात होत नाही. आज दोन पत्रे, उद्या दोन पत्रे, असेच ते होते. मिरज आमच्याकडून गाडीने दोन-तीन तासांची वाट. तिथल्या एका मास्तराने शाळा सुटल्यावरच्या वेळात मराठ्यांच्या इतिहासाचा एक मोठा तुकडा वाळवीच्या तोंडून काढला. मी हे मुलांना दरवर्षी सांगत आलो. आणि माझ्या स्वतःच्या घरात काय झाले, ते आता सांगतो.

आमचे मूळ घर खेड्यात. पणजोबा गावातले लिहिणारे. कुणाचे खत, कुणाची वाटणी, कुणाची चिठ्ठी, सगळे त्यांच्या हातचे. त्यांच्या कागदांचा एक रुमाल माळ्यावर लाकडी पेटीत असे. आज्जीला अक्षरओळख नव्हती. पण भाद्रपद सरता सरता पाऊस उघडला आणि कडक ऊन पडू लागले की ती पेटी खाली उतरवायला लावी. अंगणात घोंगडे पसरून त्यावर कागद सुटे करून ठेवी, चारी कोपऱ्यांना दगड. दुपारी स्वतः राखण बसे. संध्याकाळी वेखंडाचे तुकडे आणि वाळलेला कडुनिंबाचा पाला घालून रुमाल पुन्हा बांधला जाई. खंडेनवमीला तो पूजेत असे, कोयता आणि नांगराचा फाळ यांच्या शेजारी. आम्हा मुलांना वाटे, हा काहीतरी कुळाचार आहे.

आज्जी १९८७ मध्ये गेली. आम्ही तोवर शिक्षणासाठी, नोकरीसाठी शहरात आलो होतो. वडिलांना मोडी येत असे. त्यांच्या लहानपणी ती शाळेत शिकवीत. ते मला म्हणत, "एकदा मे महिन्यात बस माझ्यापाशी. मी वाचतो, तू लिहून घे." मी हो म्हणे. मे महिन्यात कधी पेपर तपासायचे असत, कधी लग्ने, कधी निवडणुकीचे काम. २००३ मध्ये वडील गेले. २००९ मध्ये घराची कौले काढून पत्रे घालायचे ठरले, तेव्हा माळा रिकामा केला. पेटी वरून जशीच्या तशी होती. झाकण उघडले तर आत मातीचा एक गोळा होता. वाळवीने फडक्यासकट सगळे खाल्ले होते. मी त्या मातीत बराच वेळ हात फिरवला. रेघ ओढलेला, अक्षर असलेला एक कपटासुद्धा निघाला नाही.

बावीस वर्षांत बावीस वेळा एकेक दिवस ऊन दाखवायचे होते. तेवढे झाले नाही. ज्या घरात इतिहासाचा एम.ए. होता त्या घरात हे झाले, आणि जिला 'अ' लिहिता येत नव्हता तिच्या हयातीत कागदाला कसर लागली नव्हती. वस्तू जपायला तिच्याबद्दलचे ज्ञान लागते असे आपण समजतो. आज्जीकडे ज्ञान नव्हते, दिवस ठरलेला होता. माझ्याकडे ज्ञान होते आणि दिवस ठरलेला नव्हता. आज्ञापत्रातला तो हवालदार आठा-पंधरा दिवसांनी दारू उन्हात घालतो, हे मी विद्यार्थिदशेपासून वाचत होतो. पण ते माझ्या माळ्यावरच्या पेटीबद्दल आहे, हे मला मातीत हात घातल्यावर कळले.

२०१७ च्या सुमारास गावचे आमचे जुने शेजारी माझ्याकडे आले. घरची भाषा कन्नड, शेती करणारे घर. वयाने माझ्या वडिलांच्या बरोबरीचे, आम्ही त्यांना अण्णाच म्हणतो. पिशवीतून त्यांनी फडक्यात बांधलेला एक गठ्ठा काढला. "मास्तर, आमच्या म्हाताऱ्यानं सांगून ठेवलंय, आयुधपूजेच्या आधी हे उन्हात घालायचं. घालतोय आपला दर वर्षी. पण आत काय लिवलंय कुणाला ठावं नाही. तुम्ही शिकलेले, बघा की जरा."

मी गठ्ठा उघडला. कागद पिवळे पडलेले, कडा झिजलेल्या, पण अक्षर काळेभोर. सगळे मोडी. मला मोडी येत नव्हती. तसे सांगताना जी शरम वाटली, ती मी या वयात दुसऱ्या कशाने अनुभवलेली नाही. अण्णा म्हणाले, "असू द्या. ठेवतो परत."

त्या दिवशी मी मोडी शिकायला घेतली. वय पन्नाशीला आलेले. रोज रात्री जेवणानंतर अर्धा तास, बाराखडीपासून. एका दिवशी अर्धा तास म्हणजे काहीच नव्हे, असे पहिल्या आठवड्यात वाटते. दीड वर्षानंतर मी अण्णांच्या ओसरीवर त्यांचे कागद अडखळत का होईना वाचून दाखवत होतो. कर्जाची खते, बैल विकत घेतल्याची पावती, दोन भावांची वाटणी. त्यांपैकी तीन कागदांच्या शेवटी, लिहिणाऱ्याच्या जागी, माझ्या पणजोबांचे नाव होते.

माझ्या घरात त्यांचे एक अक्षर उरले नाही. उरले ते शेजारच्या कन्नड घरात, कारण त्या घराने वर्षातून एक दिवस ऊन दाखवायची सवय मोडली नव्हती. त्या कागदांत काय आहे हे ठाऊक नसताना ते सांभाळले, आणि त्यात माझाही वाडवडील सांभाळला गेला. सीमाभागात भाषेवरून आपण पुष्कळ बोललो आहोत, भांडलोही आहोत. त्या ओसरीवर मला बोलण्यासारखे काही उरले नाही. अण्णांनी फक्त विचारले, "तुमच्याच घरचं अक्षर की मग?" मी मान हलवली.

आता शाळेत आणि घरी मी काही थोड्या गोष्टी नेमाने करतो. शाळेचे जुने जनरल रजिस्टर दसऱ्याच्या सुट्टीआधी बाहेर निघते. शिपाईमामा आणि दोन मुले ते पाने उलटून झटकतात, वेखंड बदलतात. पन्नास-साठ वर्षांपूर्वी शाळा सोडलेले लोक जन्मतारखेसाठी, दाखल्यासाठी येतात. कुणाचे निवृत्तिवेतन त्या एका ओळीवर अडलेले असते. माझ्या आधीच्या मुख्याध्यापकांनी ती रजिस्टरे जपली म्हणून मी त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवीत नाही. घरी एक वही आहे. तिच्यात रोज तारीख घालून दोन ओळी लिहितो: आलेले पैसे, गेलेले पैसे, कोण आले, काय ठरले. घरातल्या किल्ल्या, बिले आणि दाखले यांची जागा ठरलेली आहे. पूर्वी सकाळची निम्मी धावपळ शोधण्यात जाई, ती थांबली. अण्णांच्या कागदांच्या नकला बाळबोधीत उतरवून एक प्रत त्यांच्याकडे आणि एक माझ्याकडे ठेवली आहे.

यात थोरपणा काही नाही. वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी हे आधीपासून चालत असेल. ज्यांच्या माळ्यावर अजून एखादी पेटी आहे आणि झाकण उघडून पुष्कळ वर्षे झाली आहेत, त्यांना एवढेच सांगणे की दिवाळीचा फराळ झाला की या सुट्टीतच ती खाली उतरवा. वाचता येत नसले तरी चालेल. वाचणारा पुढे कोणीतरी निघतो. कागद मात्र राहिला पाहिजे.

त्या मुलीला मी तिच्या प्रश्नाचे उत्तर पुढच्या आठवड्यात दिले. म्हटले, लढाई नसायची त्या दिवशी माणसे केर काढीत, टाकी भरीत, दारूला ऊन देत, दिवसाचा हिशेब लिहीत आणि दिवा विझवून झोपत. तिने ते वहीत उतरवून घेतले आणि विचारले, "सर, परीक्षेला येईल का हे?"

परीक्षेला ते येत नाही. पण पुढच्या खंडेनवमीच्या आधी रजिस्टरांना ऊन द्यायला जी दोन मुले लागतात, त्यांत तिने आपले नाव लिहून दिले आहे.